आकाशवाणीतल्या दिवंगत सहकाऱ्यांचे आवाज: जुन्या स्पूल वाजवण्याआधी काय बघावं?

मध्यलहर_७९२
नमस्कार मंडळी. आकाशवाणी पुणे केंद्रातून निवृत्त झालेल्यांचा स्नेहमेळावा दिवाळीनंतर आहे. गेलेल्या २२ सहकाऱ्यांचे आवाज या वेळी ऐकवायचं ठरलंय. हाताशी ३४ स्पूल (टेप गुंडाळलेल्या सात इंची चकत्या) आणि ५०च्या आसपास कॅसेट आहेत, सगळ्या घराघरांतल्या कपाटांतून आलेल्या. काही डब्यांत क्यू शीट (मुद्रणाचा तपशील लिहिलेला कागद) आहे, काहींवर नुसती तारीख. दोन स्पूलवर पांढरी बुरशी आहे, एक वाजवताना किंचाळते. स्पूल वाजवायला रेव्हॉक्स ए७७ हे मशीन मिळतंय. सुरुवात कुठून करावी? आवाज कुणाचा हे खात्रीनं कसं ठरवावं? आणि ज्यांचा आवाज कधी प्रक्षेपितच झाला नाही, त्यांचं काय?

कंट्रोल_रूम
किंचाळणारी स्पूल आधी मशीनवरून उतरवा. चुंबकीय थर धरून ठेवणारा बाइंडर दमट हवेत पाणी शोषून चिकट होतो. मग टेप हेडला (मशीनमधला ध्वनी वाचणारा भाग) धरते, सुटते, पुन्हा धरते, आणि त्या थरथरीतून तो आवाज निघतो. तशीच चालू ठेवलीत तर तपकिरी थर खरवडून हेडवर बसेल, आणि तो थर म्हणजेच ध्वनिमुद्रण. नेहमीचा उपाय: तापमान नेमकं राखणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये ५० ते ५४ अंश सेल्सिअसला किमान आठ तास भाजायची. घरचा ओव्हन, मायक्रोवेव्ह, हेअर ड्रायर यांतलं काहीही नको. भाजल्यावर काही आठवडे टेप सुरळीत चालते, तेवढ्यात संगणकावर उतरवून घ्या.

पण भाजण्याआधी स्पूल उजेडासमोर धरून बघा. टेपच्या वेढ्यांतून उजेड झिरपत असेल तर ती अॅसिटेट, ती कधीही भाजायची नाही. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तरी तेच समजा. अॅसिटेट काडकन तुटते, पण सरळ तुटते, त्यामुळे जोडता येते. पॉलिएस्टर तुटण्याआधी ताणली जाते आणि ताणलेला आवाज पुन्हा हाती लागत नाही.

बुरशीच्या दोन स्पूल बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या करा आणि सिलिका जेलसोबत पूर्ण कोरड्या होऊ द्या. ओली बुरशी पुसायला गेलं की पसरते. कोरडी झाली की मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशनं झटकता येते. या दोन सगळ्यात शेवटी वाजवा. एरवीही प्रत्येक स्पूलनंतर हेड आणि गाइड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचेच.

केंद्रातल्या बऱ्याच टेप शेवट बाहेर ठेवून गुंडाळलेल्या असतात. लावल्याबरोबर सगळं उलटं ऐकू आलं तर स्पूल उजवीकडे लावून रिवाइंड करा. सुलटा आणि उलटा आवाज एकदम आला तर ती टेप घरगुती मशीनवर दोन्ही बाजूंनी भरलेली आहे. दोन्ही चॅनल एकदम उतरवा, उलटा चॅनल संगणकात सुलटा करता येतो, टेप पुन्हा फिरवायला नको.

वेग: साधा ए७७ सेकंदाला ९.५ आणि १९ सेंटिमीटरनं चालतो. माणूस लहान मुलासारखा बोलायला लागला तर टेप ९.५ची आहे. १९वरही आवाज खोल आणि संथ वाटला तर ती ३८ची, तिच्यासाठी दुसरं मशीन शोधा. बारीक फरक तपासायला मुद्रणातला विजेचा गुंजारव बघा, तो ५० हर्ट्झच्या जवळ असायला हवा. मात्र त्या काळी वीजपुरवठ्याची फ्रिक्वेन्सीही खालीवर व्हायची, तेव्हा अर्ध्या-एक हर्ट्झसाठी अडून बसू नका. हेडचा कोन, म्हणजे अॅझिमथ, मात्र दर स्पूलला कानानं जुळवा. 'स' आणि 'श' सर्वांत स्पष्ट ऐकू येतील तिथे स्क्रू थांबवायचा.

संगणकावर उतरवताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल ठेवा. मोनोला तासाला सुमारे १ जीबी लागते. सात इंची स्पूलवर १२०० फूट टेप असली तर १९च्या वेगानं ३२ मिनिटं. म्हणजे ३४ स्पूलचे साधारण १८ तास, आणि पुसणं, जोडणं, नोंदी धरून ४० तास हाताशी ठेवा. खरखर काढायची ती प्रतीवर, मूळ फाइलवर कधीच नाही.

नियम_आणि_परवाने
केंद्राच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क साधारणपणे प्रसारकाकडे असतात, स्पूल कुणाच्या कपाटात सापडली यावरून ते बदलत नाहीत. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं आणि कलावंताचे हक्क ५० वर्षं. मेळाव्यात ऐकवायचं असलं तरी केंद्राला लेखी कळवा. यूट्यूबवर टाकायचं तर परवानगी हातात येईपर्यंत थांबा. घरच्यांनाही आधी विचारा, भर सभागृहात अचानक तो आवाज कानी पडणं सोपं नसतं.

क्यू_शीट
डबा आणि स्पूल यांची ताटातूट होऊ देऊ नका. मशीन चालू करण्याआधी डब्याच्या सगळ्या बाजूंचे आणि आतल्या कागदाचे फोटो घ्या. स्पूल, डबा, फाइल तिन्हींना एकच क्रमांक द्या. क्यू शीटवर कार्यक्रम, तारीख, कालावधी, पहिले शब्द आणि शेवटचे शब्द असतात, आणि कोपऱ्यात मुद्रण करणाऱ्याची आद्याक्षरं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कोपऱ्यात आहे.

आवाज ओळखायला सगळ्यांना एकत्र बसवू नका. पहिल्यानं ठामपणे नाव घेतलं की बाकीचे माना डोलावतात. २० सेकंदांचा तुकडा तिघांना वेगवेगळा ऐकवा, नाव न सांगता. दोघांचं उत्तर जुळलं तरच नाव लिहा, नाहीतर 'अनोळखी' लिहा. प्रादेशिक बातम्यांत वाचणाऱ्याचं नाव येतं, इतर निवेदनांत ते बहुधा नसतं.

परिचय लिहिताना तारखांची चाळणी लावा. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं, त्याआधीची पुण्यातली नेमणूक कुणी सांगितली तर ती दुसऱ्या केंद्रावरची असणार. मुंबई दूरदर्शन १९७२चं, पण दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं १ एप्रिल १९७६ला. म्हणून १९७४ साली तिथे गेलेल्या माणसानं 'आकाशवाणी सोडली' असं लिहू नये. प्रसार भारती नोव्हेंबर १९९७पासून. त्याआधी निवृत्त झालेल्यांना 'प्रसार भारतीचे कर्मचारी' म्हणणं चूकच.

आता ज्यांचा आवाज हवेत गेला नाही ते. गदिमा, सुधीर फडके, व्यंकटेश माडगूळकर यांच्यावर भरपूर लिहून झालंय आणि ते योग्यच आहे. पण मुद्रण करणारे, टेप लायब्ररी सांभाळणारे, ड्यूटी रूममधले, नाटकात वाळूच्या खोक्यात पावलं वाजवणारे, यांची नावं कुठेच सापडत नाहीत. एखादी टेप उजेडात धरा, ४५ अंशांत कापलेले जोड दिसतील. चूक काढून टाकलीय, पण बोलणाऱ्याचा श्वास मधे तुटलेला नाही. ही ब्लेड कुणी चालवली, हे क्यू शीटवरून शोधा आणि तो तुकडा त्यांच्या नावानं ऐकवा. माझ्या मते मेळाव्यातला सर्वांत मोलाचा भाग तोच होईल.

दुसरं म्हणजे, उतरवताना सुरुवात आणि शेवट छाटू नका. संपादन न झालेल्या टेपवर पहिल्या अर्ध्या मिनिटात टॉकबॅकवरून (कंट्रोल रूममधून स्टुडिओत बोलायच्या माइकवरून) 'तयार?', 'घेतोय हं' असं कुणीतरी बोललेलं असतं. २२ जणांचे प्रत्येकी ४५ सेकंद धरले तर साडेसोळा मिनिटं होतात, त्यात असे दोन शब्दांचे तुकडेही बसतात.

मध्यलहर_७९२
मनापासून आभार. चार स्पूलवर सुरुवातीला असं बोलणं आहे, आम्ही ते कापायच्याच यादीत टाकलं होतं. एका स्पूलचे जोड रिवाइंड करताना सुटले, सेलोटेप चालेल का? आणि काही कॅसेटचा आवाज दबका येतोय.

कंट्रोल_रूम
सेलोटेप नकोच. तिचा गोंद कडेनं बाहेर येतो आणि पुढचा वेढाही चिकटवतो. स्प्लाइसिंग टेपच आणा, मागच्या, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूनं लावा, आणि टेपच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. यापुढे फास्ट रिवाइंड बंद, नेहमीच्या वेगानं गुंडाळा.

कॅसेटमध्ये टेपमागचा फेल्टचा छोटा पॅड बघा. त्याचा गोंद सुकून तो गळून पडतो, मग टेप हेडला टेकत नाही. रिकाम्या, पाच स्क्रूच्या कॅसेटमध्ये दोन्ही चकत्या हलवून बसवा. बाजू उलटी बसवू नका, आणि जुनं कव्हर त्यावरच्या अक्षरासकट त्याच क्रमांकाखाली ठेवा.