खाली दुकानं, वर घरं: जालना रोडवरच्या बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये फ्लॅट घेताना काय तपासावं?

सिडकोकर: छत्रपती संभाजीनगर, जालना रोड. तळमजला आणि वर दोन मजले दुकानं-ऑफिसं, मग पार्किंगचा पोडियम, त्यावर १५ मजले घरं, मजल्यावर चार. आठव्या स्लॅबचं सेंट्रिंग चालू आहे. वरचा एक टू-बीएचके बघतोय. भावाला खाली गाळा हवाय, नाश्ता सेंटरसाठी. बिल्डर म्हणतो २० टक्के भरा, करारनामा नंतर. रेरा (बांधकाम प्रकल्पांच्या नोंदणीचा कायदा) नंबर आहे. अजून काय बघू?

कागदवाचक: २० टक्के देऊ नका. रेरा कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांच्या वर घेताच येत नाहीत. महारेराच्या नमुना करारात करारानंतर एकूण ३०, जोतं झाल्यावर ४५, पोडियमसकट सगळे स्लॅब झाल्यावर ७० टक्के ही कमाल मर्यादा आहे. मधले २५ टक्के प्रत्येक स्लॅबवर सारखे वाटून घ्या, नाहीतर पहिल्या चार-पाच स्लॅबांतच वसूल होतात.

नुसत्या नंबरावर जाऊ नका. महारेराच्या वेबसाइटवर सीसी (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) उघडून ती कितव्या मजल्यापर्यंत आहे ते बघा. तुमचा मजला त्यात नसेल तर थांबा.

जीएसटी: फ्लॅटला ५ टक्के (परवडणाऱ्या घरांत बसला तर १). गाळ्याचं वेगळं. प्रकल्पाच्या एकूण कार्पेट क्षेत्रात दुकानं-ऑफिसांचा वाटा १५ टक्क्यांपर्यंत असेल तर ५, त्यापुढे १२. तुमच्याकडे तीन मजले दुकानं म्हणजे १२ च धरून चला.

आरसीसी_राव: दुकानांना मोकळी जागा लागते म्हणून खाली कॉलम लांब लांब, घरांना मात्र भिंतीत दडलेले जवळ जवळ. मेळ बसवायला पोडियमच्या पातळीवर वरचे काही कॉलम नुसत्या बीमवर उभे करतात. ते किती आहेत, विचाराच. खालचे मजले उंच, भिंती कमी, समोर काच: भूकंपात आधी तिथंच मोडतं. किल्लारी १९९३ नंतर मराठवाड्यात हे वेगळं सांगायला नको. लिफ्टभोवतीची शिअर वॉल (भूकंपाचा आडवा धक्का झेलणारी आरसीसी भिंत) पायापासून गच्चीपर्यंत सलग हवी. इमारत ५० मीटरच्या वर जाते, म्हणजे डिझाइनला आयएस १६७०० (उंच इमारतींचं भारतीय मानक) लागू.

बेसमेंट असेल तर रिटेनिंग वॉलमागं (बाहेरची माती अडवणारी भिंत) काय भरलंय ते बघा. साइटवरचीच काळी माती परत ढकलली असेल तर पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून बसते आणि राफ्ट (तळाचा पायाचा स्लॅब) आणि भिंतीच्या जॉइंटमधून पाझर सुरू. मुरूम हवा, जॉइंटला वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी पट्टी) हवा. मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी बॅटरी घेऊन उतरा, भिंतीच्या बुडाशी पांढरे क्षार दिसले की समजून घ्या.

टँकरपाणी: ६० फ्लॅट, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर: रोज ४०,५०० लिटर. म्हणजे १० हजारचे चार टँकर, दुकानं सोडून. नळाला पाणी किती दिवसाआड येतं ते तुम्हाला माहीतच आहे. जमिनीखालची टाकी निदान तीन दिवसांची, सव्वा लाख लिटरची हवी. आगीची टाकी त्यात मोजू देऊ नका.

सोसायटीचा_हिशेब: गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत (नमुना नियमावलीत) सेवाशुल्क सगळ्यांना सारखं, क्षेत्रफळावर नाही. एकच सोसायटी झाली तर शोरूम आणि टू-बीएचके सारखेच पैसे भरणार आणि भांडणं तुमची. दुकानांची सोसायटी वेगळी, वर दोन्हींचं मिळून फेडरेशन, हे करारातच लिहून घ्या. जिने, लिफ्ट, गेट, मीटरही वेगळे.

आणि भाऊ, नाश्ता सेंटर म्हणजे तळण. धुराचा डक्ट नकाशात आहे का?

सिडकोकर: एक शाफ्ट दिसतोय, पण तो घरांच्या टॉयलेटचा आहे.

सोसायटीचा_हिशेब: मग तो नाही चालत. किचनचा डक्ट स्वतंत्र, आगरोधक शाफ्टमधून थेट गच्चीच्या वर निघाला पाहिजे. ग्रीस ट्रॅपही (तेल अडवणारी टाकी) एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) आधी. तेल आत गेलं की जिवाणू मरतात आणि वास घरांपर्यंत चढतो. वरच्या स्लॅबांत आत्ताच जागा सोडून घ्या, पण खालचे सात झालेत; त्यांत जागा सोडलेली नसेल तर कोअर कटिंगला (झालेल्या स्लॅबला भोक पाडायला) कोणी हात लावू देणार नाही. सुधारित नकाशा मंजूर होईपर्यंत गाळ्याचं टोकन देऊ नका.