‘टेकन इन’ : आसरा दिला की फसवलं?

एका कथेचं भाषांतर करतेय आणि दुसऱ्याच पानावर अडकलेय. वाक्य दिसायला साधं आहे : ‘शी वॉज टेकन इन बाय ॲन ओल्ड कपल.’ मी लिहिलं, ‘एका म्हाताऱ्या जोडप्यानं तिला आसरा दिला.’ तपासणाऱ्यांनी ते खोडून समासात लिहिलं, ‘फसवलं.’ पुढे कळतं की दोन्ही खरं आहे. आधी घरात घेतात, मायेनं वागवतात आणि हळूहळू तिच्या नावावरचं सगळं काढून घेतात. लेखकानं ते ‘टेकन इन’ मुद्दाम तसं ठेवलंय. मला असा शब्दप्रयोग हवाय, की पहिल्यांदा वाचताना आसराच वाटेल आणि कथा संपवून मागे आलं की त्यातच फसवणूक दिसेल. ‘फसवलं’ लिहिलं तर सगळं दुसऱ्या पानावरच फुटतं. तुम्हा कुणाला काही सुचतंय?

*

‘जवळ केलं’ चालेल? त्यात हेतू उघड होत नाही. मला आधी ‘घोळात घेतलं’ सुचलं होतं, पण त्यात आसरा नाहीच.

*

‘ठेवून घेतलं.’

पाहुण्याला आग्रहानं चार दिवस ठेवून घेतात, आणि दुसऱ्याची वस्तू परत न देता ठेवूनही घेतात. पहिल्या वाचनात आग्रह दिसेल, दुसऱ्यात कब्जा. शिवाय ‘टेक’चं ‘घेणे’ जागच्या जागी राहतं. इंग्रजीत जे काम मागून येणारं ‘इन’, ‘अप’, ‘ऑन’ करतं, ते आपल्याकडे ‘घेणे’च्या आधी उभं असलेलं रूप करतं : चालवून घेणे, खपवून घेणे, जुळवून घेणे, आवरतं घेणे, नमतं घेणे. नाहीतर नामाला लागलेला ‘वर’ किंवा ‘त’ : मनावर घेणे, फैलावर घेणे, विश्वासात घेणे, हातात घेणे. ‘टेक’च्या प्रत्येक जोडीला वेगळं मराठी क्रियापद हुडकण्यापेक्षा ‘घेणे’च्या आधी काय बसतं ते पाहावं, असा माझा अनुभव आहे.

*

बाईमाणसाबद्दल ‘ठेवून घेतलं’ म्हटलं की ‘ठेवलेली’ आठवणारच. मला तरी पहिल्यांदा तेच आठवलं. हा तिसराच अर्थ मूळ वाक्यात नाही.

*

‘ठेवली’ आणि ‘ठेवून घेतली’ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘भाचीला सुट्टीभर ठेवून घेतलं’ यात कुणाला काही खटकतं का? आणि इथे कर्ता एकटा पुरुष नाही, जोडपं आहे.

*

इंग्रजी शिकवते, म्हणून जरा वेगळ्या बाजूनं लिहिते. हे ‘इन’ नक्की काय आहे ते आधी पाहू या. फळ्यावर मी नेहमी दोन वाक्यं लिहिते : ‘ही रॅन अप अ हिल’ (तो टेकडीवर धावत गेला) आणि ‘ही रॅन अप अ बिल’ (त्यानं बिल वाढवून ठेवलं). वरवर सारखी. आता ‘हिल’च्या जागी ‘इट’ घाला : ‘रॅन अप इट’. ‘बिल’च्या जागी घाला : ‘रॅन इट अप’. सर्वनाम दोघांच्या मध्ये शिरलं की ओळखावं, ‘अप’ क्रियापदाचा आहे. शिरलं नाही तर तो पुढच्या नामाचा. ‘टेक हर इन’ म्हणतात, म्हणून ‘इन’ इथे क्रियाविशेषण. उलट ‘टेक्स आफ्टर हिम’ (त्याच्या वळणावर गेलाय) होतं, ‘टेक्स हिम आफ्टर’ कधीच होत नाही.

मुलांना हे मराठीतून पटकन कळतं. ‘तो वर गेला’ मधला ‘वर’ एकटा उभा आहे, ते क्रियाविशेषण. ‘माळ्यावर गेला’ मधला नामाला चिकटलाय, ते शब्दयोगी अव्यय. शब्द एक, नाती दोन.

*

मग हे आपले उपसर्गच झाले की! ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥’ धातू एकच, ‘हृ’, आणि उपसर्ग त्याला ओढून भलतीकडे नेतो. टेक इन, टेक ऑफ, टेक ओव्हर म्हणजे आहार, विहार, परिहार. इंग्रजांना यात नवं काय सापडलं?

*

उपसर्ग धातूच्या आधी लागतो, इंग्रजीतलं ‘इन’ मागून येतं, आणि मध्ये दुसरे शब्द घुसू देतं. संस्कृतात हे चालत नाही.

*

लौकिक संस्कृतात नाही, वेदात चालतं. पाणिनीची तीन सूत्रं लागोपाठ आहेत. ‘ते प्राग्धातोः’ : उपसर्ग धातूच्या आधी. ‘छन्दसि परेऽपि’ : वेदात नंतरही. ‘व्यवहिताश्च’ : आणि मध्ये अंतर ठेवूनही. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तातली सातवी ऋचा पाहा : ‘उप त्वाग्ने दिवेदिवे दोषावस्तर्धिया वयम् । नमो भरन्त एमसि ॥’ ‘उप’ अगदी आरंभी आणि त्याचं क्रियापद थेट शेवटी. ‘टेक हर इन’ मध्ये तर एकच शब्द आड येतो.

*

वेदापर्यंत गेलात ते छानच, पण आज मराठीत काय चाललंय त्याकडेही बघा. बातम्यांत सर्रास ऐकू येतं : ‘विमानानं टेक ऑफ घेतला.’ अहो, ‘टेक’ म्हणजेच घेणे! ‘उड्डाण केलं’, ‘झेपावलं’ हे शब्द काय वाईट आहेत? याला मी भाषेचा विकास म्हणणार नाही. हातात शब्द असताना तो न उचलण्याचा हा आळस आहे.

*

यात मला आळस दिसत नाही, एक पक्की सवय दिसते. मराठी माणूस इंग्रजी क्रियापद क्रियापद म्हणून घेतच नाही. आख्खी जोडी नाम म्हणून उचलतो आणि मागे आपलं क्रियापद जोडतो : लॉग इन करणे, सेट अप करणे, बॅकअप घेणे, फॉलोअप घेणे. ‘बॅकअप’मध्ये कुठे आहे ‘टेक’? तरी ‘घेतला’च म्हणतो. ‘टेक ऑफ घेतला’ म्हणणाऱ्याला आतलं ‘टेक’ ऐकूच येत नाही, त्याच्या लेखी तो ‘झेप’सारखा एकसंध शब्द आहे. झेप घेतली, तसा टेक ऑफ घेतला.

*

‘झेप घेतली’ आहेच ना मग, तेच म्हणा!

*

‘टेक ऑफ’वरून आठवलं. सॅम्युएल जॉन्सननं 1755 सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की क्रियापदामागे अव्यय लावून अर्थ फिरवण्याची ही रीत परक्यांना सगळ्यांत जड जाते. तिथल्या उदाहरणांत ‘टेक ऑफ’ आहे, आणि त्याचा अर्थ दिलाय नक्कल करणे. तेव्हा विमानं नव्हतीच. नक्कल करणे हा अर्थ इंग्रजीत आजही टिकून आहे.

*

इंग्रजी ‘टेक’ आणि आपलं ‘टेकणे’ यांचा काही संबंध असेल का? मला फार दिवस वाटतंय की असावा. ‘गिव्ह अप’ला तर ‘हात टेकले’ याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही.

*

‘हात टेकले’ उत्तम. संबंध मात्र नाही. ‘टेक’ इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘टाका’पासून आला, इंग्लंडात येऊन राहिलेल्या व्हायकिंगांबरोबर. त्याआधी घेण्याला जुन्या इंग्रजीत ‘निमन’ होतं, जर्मन ‘नेमेन’चं भावंड. ते पुढे मेलं. ‘नम’ म्हणजे बधिर, यात त्याचा अवशेष उरलाय : मूळ अर्थ, ज्याची शुद्ध ‘घेतली गेली’ असा. त्यामुळे परकी क्रियापदं घेऊच नयेत म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की ज्या क्रियापदावर इथे एवढी चर्चा चाललीय ते इंग्रजीतही उसनंच आहे.

*

आई शिवणकाम करायची. झगा अंगात सैल झाला की खडूनं दोन रेघा ओढायची आणि म्हणायची, ‘इथं बोटभर आत घे.’ पुढे कळलं की इंग्रजीतही हेच, ‘टेक इन’. कुणी कुणाकडून उचललं असेल असं वाटत नाही. कापड हातात धरलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? मूळ प्रश्नाला याचा उपयोग नाही, पण ‘आत घेतलं’ हा पर्याय कुणी मांडलाच नाही, म्हणून लिहिलं.

*

‘आत घेतलं’ मी लिहून पाहिलं. दाराच्या आत घेतल्यासारखं वाटतं, तिथेच संपतं. ‘ठेवून घेतलं’ दोन दिवस मनात घोळतंय. वाक्य असं होतं : ‘एका म्हाताऱ्या जोडप्यानं तिला ठेवून घेतलं.’ काल शेवटचं प्रकरण संपवून परत दुसऱ्या पानावर आले तेव्हा अंगावर काटा आला. पण ‘ठेवलेली’ची शंका आली ती आलीच, आता ती जात नाही. तपासणाऱ्यांकडे दोन्ही पर्याय पाठवलेत.

*

‘आपल्यात घेतलं’ही पाठवा.

*

जाता जाता एक. ‘टेक ओव्हर’ आणि ‘ओव्हरटेक’ यांत तुकडे तेच, नुसता क्रम उलटा. मराठीत कंपनी टेक ओव्हर ‘केली’ म्हणतो, पण गाडीला ओव्हरटेक ‘मारला’ही म्हणतो. ‘ओव्हरटेक घेतला’ कुणी ऐकलंय का?