तलावावर पहारा ठेवायचा आहे, कोणाला अनुभव?

धरमपेठकर:
नमस्कार मंडळी. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात पोरीकडे इंग्लंडला गेलो होतो, तिनं कॉर्नवॉलला फिरवलं. लिझर्डजवळ बास पॉइंटला कड्याच्या काठावर समुद्रावर नजर ठेवायची एक बारकीशी खोली. आत माझ्याच वयाचे दोघं जण, दुर्बीण, रेडिओ अन् जाडजूड वही. तिथली सरकारी चौकी बंद झाली अन् मग तिच्याच खाली दोन मासेमार बुडाले. म्हणून 1994 साली लोकांनीच ती पुन्हा उघडली. आता तिकडे अशा 50 च्या वर चौक्या आहेत, सगळ्या बिनपगारी लोकांच्या.

आता म्हणाल, नागपुरात समुद्र कुठून आणता? पण 2017 च्या जुलैत वेणा जलाशयात नाव उलटली तेव्हा पोट्टे गेलेच ना आपले. त्याला काही समुद्र लागत नाही.

हिंगण्याकडच्या एका तलावावर पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी 3 ते 7 बसायचं ठरवून राहिलो. चौघं दोस्त तयार आहेत. 10x50 दुर्बीण (10 पट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगाची) पाहून ठेवली. आणखी काय लागते? (बायको म्हणते, आधी घरची टाकी भरून वाहते ते पाहा.)

माजी दर्यावर्दी:
काका, ती दुर्बीण घेऊ नका. 10 पटीला हात हलला की चित्र नाचतं. जहाजावर 7x50 वापरतात, संध्याकाळच्या कमी उजेडातही बरं दिसतं.

पण खरं काम वहीचं. पाण्यात कोण उतरलं, किती जण, कपड्यांचा रंग, वेळ. बाहेर आले की पुन्हा वेळ. चार उतरले अन् तीनच निघाले, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, वहीला कळतं. एका वेळी दोघं बसा अन् दर अर्ध्या तासानं पाण्यावर नजर ठेवणारा बदला.

आणि बुडणारा ओरडत नाही. त्याला श्वासच पुरत नाही, हाक कुठून मारेल? डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, हात पाणी खाली दाबतायत. लांबून खेळतोय असंच वाटतं. समुद्रावर आम्ही मदतीसाठी रेडिओच्या चॅनेल 16 वर बोलायचो, किनाऱ्यावरून तटरक्षक दलाला 1554. तुमच्याकडे 112. फोनवर ‘तलावाजवळ’ म्हणू नका. कोणत्या गावाकडून, कोणता रस्ता, गाडी कुठपर्यंत येते, हे आधीच कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. ठाण्यात एक पत्र देऊन ठेवा, नाहीतर तुमचीच चौकशी व्हायची.

हिंगणावाला:
भाऊ, एक गोष्ट पक्की करा, तुमच्यातलं कोणी पाण्यात उडी मारणार नाही. आमच्याकडच्या तळ्यांत मुरूम काढलेले खड्डे आहेत, गुडघाभर पाण्यातून एक पाऊल टाकलं की डोक्यावर पाणी. खाली गाळ. माझा मावसभाऊ असाच गेला, अन् त्याला काढायला गेलेला दोस्तही. दोर ठेवा, टोकाला झाकण घट्ट लावलेला 5 लिटरचा रिकामा डबा बांधा. थोडंसं पाणी आत राहू द्या, फेकायला वजन येते.

अन् ढिवर बांधवांना, म्हणजे तिथल्या मासेमारांना, सोबत घ्या. कुठं खोल आहे ते त्यांना झोपेतही माहीत असते, डोंगा त्यांचाच. त्यांना न विचारता बसाल तर काही उपयोग नाही बापा.

धरमपेठकर:
दोघांचेही आभार. 10x50 घेतली नाही. काल ढिवर मोहल्ल्यात चहा झाला. म्हातारेबुवा आधी हसले, मग स्वतः काठानं फिरून तीन खड्डे दाखवले. तिथं बांबू रोवून लाल फडकं बांधलं.

पहिल्या रविवारी वहीत 11 नोंदी. पोट्टे ऐकत नाहीत, पण नाव-गाव विचारून लिहून घेतलं की काठाजवळच राहतात, ही गंमत आधी कोणी सांगितली नव्हती. दोर फेकायची प्रॅक्टिस केली, 15 मीटर कमी पडते. 25 चा कुठं स्वस्त मिळेल, इतवारीत की गांधीबागेत?