प्रतिसाद: आमटीतून गोळी नको
वर एका ताईंनी विचारलंय, नवऱ्याला न सांगता आमटीतून दारू सोडायची गोळी दिली तर चालेल का? नका हो देऊ! ही गोळी म्हणजे डायसल्फिराम. ती पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या, छातीत धडधड, बीपी धाडकन खाली. जिवावर बेतू शकतं. ही गोळी पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात.

आणि 'मनावर घे, आजपासून बंद' हेही रोज भरपूर पिणाऱ्याला सांगू नका. आमच्या मामांनी साताऱ्यात अशीच एकदम सोडली. तिसऱ्या रात्री चादरीवरच्या मुंग्या वेचत बसले, मुंगी एकही नव्हती. हात लटलट कापत होते. डॉक्टर म्हणाले, आधी ॲडमिट करा, उपदेश नंतर.

डॉ. नरेंद्र दाभोलकर अंधश्रद्धेविरुद्धच्या कामासाठी सगळ्यांना ठाऊक. पण मिरजेत एमबीबीएस केलेल्या या माणसाने साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्रही उभं केलं. (अंगारा लावून दारू सोडवणारे आजही आहेतच म्हणा.)

गर्दचा (म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनचा) धोका वेगळा. काही आठवडे बंद ठेवून पुन्हा जुनाच डोस घेतला तर शरीराला तो झेपत नाही, श्वास थांबतो. तेव्हा नॅलोक्सोन, म्हणजे गर्दचा असर उतरवणारं औषध, वेळेत मिळालं तर माणूस वाचतो. ताई, सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, आधी तिथे बोला.