गाडीवरचं चायनीज ‘खरं’ नाही म्हणे!

कायमचा_परळकर
काल इथे ‘जिभेचे_लाड’ यांनी लिहिलं, "मुंबईत आशियाई जेवायचं तर ताज, बीकेसी नाहीतर लोअर परळ. गाडीवर मिळतो तो कोबी आणि लाल रंग. त्याला चायनीज म्हणणं थांबवा." वाचून डोकं फिरलं. उत्तर लांबलं तर लांबू दे.

या शहरात चिनी माणसं शंभराहून जास्त वर्षं राहतायत. माझगावला त्यांचं देऊळ आहे, १९१९ सालचं. कामाठीपुऱ्यात सुखलाजी स्ट्रीटच्या आसपास वस्ती होती. कुणी गोदीत, कुणी दात बसवणारा, कुणी खानावळवाला. १९६२ चं युद्ध झालं आणि ही माणसं एका रात्रीत संशयित झाली. आसाम-बंगालकडच्या हजारोंना राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं, इथल्याही कित्येकांनी गाशा गुंडाळला. जे राहिले त्यांनी आपल्याला जेवू घातलं. लिंग कुटुंबाचं आधी नानकिंग नावाचं हॉटेल होतं, मग रीगल सिनेमामागे लिंग्ज पॅव्हिलियन आलं.

आणि मंचुरियन? कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग सत्तरच्या दशकात क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत. गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन मागितलं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, अशी त्यांनीच सांगितलेली हकिगत आहे. करणारा चिनी वंशाचा, खाणारा मुंबईकर. यात खोटं काय?

जिभेचे_लाड
इतिहास उत्तम. पण मी ताटाबद्दल बोलत होतो. मी दोन वर्षं सिंगापूरला होतो, रोज हॉकर सेंटरला जेवायचो. परत आल्यावर इथला ‘शेजवान राइस’ खाल्ला आणि वाईट वाटलं. शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत. तिथल्या जेवणात जीभ बधिर करणारं मिरं असतं. इथे नुसती लाल मिरची आणि लसूण. नाव दुसऱ्याचं लावता, तर चव विचारणारच ना कुणी?

कायमचा_परळकर
हॉकर म्हणजे कोण? फेरीवालाच ना! सिंगापूरने रस्त्यावरच्या गाड्या उचलून छताखाली नेल्या, पाणी-गटाराची सोय करून दिली. २०२० मध्ये युनेस्कोने त्या संस्कृतीला वारशाचा मान दिला. तिकडे फेरीवाल्याकडे जेवलात की ते खरं जेवण, आणि आमच्याकडे महापालिकेची गाडी येऊन सिलिंडर उचलून नेते, त्याचं कुणाला काही नाही.

तिरफळाचं_झाड
मध्येच बोलतो, मी रत्नागिरीचा. सिचुआनचं ते मिरं आणि आपलं तिरफळ अगदी जवळचे नातेवाईक आहेत. दोन्हींचं काळं बी फेकायचं आणि साल वापरायची, दोन्ही जिभेवर चुणचुणतात. आई बांगड्याच्या तिखल्यात घालते. मुंबईतल्या एकाही चायनीजवाल्याला तिरफळ वापरून बघावंसं वाटू नये? पंधरा वर्षं मी हे ज्याला त्याला सांगतोय.

आणखी एक. ब्रह्मदेशचा थिबा राजा आमच्या गावात तीस वर्षं नजरकैदेत होता, १९१६ ला तिथेच वारला. राजवाडा बघायला सहली येतात. पण खाओ सुए, म्हणजे तिकडच्या नारळाच्या दुधातल्या नूडल्स, खायला मला मुंबईत फोर्टातल्या ‘बर्मा बर्मा’ हॉटेलात जावं लागलं. पूर्ण शाकाहारी आहे, तरी चहाच्या पानांचं सॅलड पुन्हा पुन्हा खावं असं. रत्नागिरीत मात्र त्या जेवणाचा मागमूस नाही. याची खंत आहे.

दोन_मुलांची_आई
तुमचं चाललंय खरं-खोटं आणि मुद्द्याचं कुणी बोलत नाही. अजिनोमोटो! गाडीवाले मूठ-मूठ टाकतात. माझं डोकं रात्रभर ठणकतं. मुलांना मी तिकडे फिरकू देत नाही.

केमिस्ट्रीवाले_सर
ताई, हा गैरसमज आहे. जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं, अजिनोमोटो म्हणजे त्याचंच मीठ. तेच ग्लुटामेट टोमॅटोत आहे, चीजमध्ये आहे, आईच्या दुधात आहे. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचं पत्र छापून आलं, की चिनी हॉटेलात जेवलं की मानेला बधिरपणा येतो. तिथून ही भीती जगभर पसरली. पुढे कशात घातलंय हे लोकांना न सांगता चाचण्या केल्या, तेव्हा त्रास ठामपणे सिद्ध झाला नाही. पिझ्झा खाऊन डोकं दुखल्याचं कुणी म्हणत नाही, चिन्याच्या हातचं खाल्लं की दुखतं. याचा विचार करा.

दोन_मुलांची_आई
म्हणजे मी खोटं बोलते? डोकं माझं आहे, सर. तुमच्या चाचण्यांत मी नव्हते.

केमिस्ट्रीवाले_सर
खोटं बोलता असं म्हटलेलंच नाही. जुनं तेल, भरमसाठ मीठ, रात्री अकराचं जेवण, यातलं काहीही कारण असू शकतं.

बांद्रा_पूर्व
सर, प्रयोगशाळेत बसून सांगू नका. आमच्या नाक्यावर तो चमच्याने मोजत नाही, हाताने टाकतो. प्रमाण नावाची गोष्ट असते की नाही? माझ्या मेव्हण्याने अशा गाडीवर खाल्लं आणि तीन दिवस सलाईनवर होता.

केमिस्ट्रीवाले_सर
तीन दिवस सलाईन म्हणजे पाणी नाहीतर शिळा भात. शिजवलेला भात तासन् तास उबेत राहिला की त्यात जंतू वाढतात. भलत्यालाच फाशी देताय तुम्ही!

कायमचा_परळकर
आता मी बोलतो, कारण हे माझ्या घरातलं आहे. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले ते एक. पुन्हा आत गेले नाहीत. पाच वर्षं मिळेल ते काम केलं, मग एका नेपाळी आचाऱ्याच्या हाताखाली शिकून करी रोडला चायनीजची गाडी लावली. दुपारी आई आणि मी कोबी चिरायचो. माझ्या बोटावर अजून खूण आहे. त्या गाडीवर बहिणीचं लग्न झालं, माझं डिप्लोमाचं शिक्षण झालं. जिथे गिरण्या होत्या तिथे आज ती महागडी हॉटेलं आहेत, म्हणून ‘लोअर परळला जा, गाडीवर नको’ हे वाक्य मला लागलं.

रंग घालायचो का? हो. गिऱ्हाईक पांढरा राइस परत करायचं. तेलही दुसऱ्या दिवशी चालवलंय. ते चूकच होतं.

बांद्रा_पूर्व
बघा, आता स्वतःच कबूल केलंत.

कायमचा_परळकर
केलं. तुम्ही नावाजलेल्या हॉटेलच्या भटारखान्यात कधी डोकावलात? मी सहा महिने एकात काम केलंय. तिथेही तेल दुसऱ्या दिवशी चालायचं, फरक एवढाच की गिऱ्हाइकाला दिसायचं नाही.

जिभेचे_लाड
परळकर, तुमच्या वडिलांबद्दल माहीत असतं तर ते वाक्य तसं लिहिलं नसतं. ‘चायनीज म्हणू नका’ हे मागे घेतो. मुंबईचं चायनीज म्हणा, हरकत नाही. पण शेजवानला सिचुआन मी मानणार नाही, आणि लाल रंगाला चव तर अजिबात नाही. रविवारी लिंग्जला जाऊन येतो.

तिरफळाचं_झाड
तिरफळाचं कुणी मनावर घ्या हो.

दोन_मुलांची_आई
डोकेदुखीचं मी सोडणार नाही. पण परळकर, घरी माझा फ्राइड राइस गिचका होतो. तुमच्याकडे मोकळा कसा व्हायचा?

कायमचा_परळकर
तांदूळ धुऊन भरपूर पाण्यात उकळा. कणी किंचित राहिली की लगेच चाळणीत ओता, परातीत पातळ पसरून पंख्याखाली ठेवा. गार झाला की फ्रीजमध्ये, बाहेर ठेवू नका, सर म्हणतात ते बरोबर आहे. कढई धूर येईपर्यंत तापवा आणि एका वेळी दोघांपुरताच भात टाका. आई एकदम चार प्लेटचा टाकायची, तेव्हा वडील ओरडायचे.