'आता झेपत नाही' हे पहिल्यांदा कधी म्हणालात?

तलावपाळीकर:
कॉलेजात असताना भाड्याचा व्हीसीआर आणून एका रात्रीत तीन पिक्चर हाणायचो. 'लीथल वेपन' (१९८७) त्यात हमखास. तेव्हा आपण अर्थातच मेल गिब्सन! डॅनी ग्लोव्हर म्हणजे म्हातारा. बिचारा टबात बसलेला असताना बायकापोरं केक घेऊन आत घुसतात, पन्नासावा वाढदिवस. पुढे जमेल तेव्हा कुरकुर, की हे सगळं करायचं आपलं वय राहिलं नाही.

परवा ठाणे स्टेशनच्या पुलावरून फास्ट लोकलसाठी धावलो. जिन्यातच पोटरीत गोळा आला. मागचा पोरगा म्हणाला, "काका, सावकाश. मागची रिकामी येतेय." मी चौपन्नचा. रात्री शोधलं, तर ग्लोव्हरचा जन्म १९४६चा, म्हणजे पिक्चर आला तेव्हा गडी चाळीसचा. तो पैसे घेऊन कण्हत होता, मी फुकट कण्हतो.

तुमचं सांगा.

नेरूळची आजी:
'शोले'तला ठाकूर बघा. पांढरे केस, अंगावर शाल, काय तो भारदस्तपणा! संजीव कुमारचा जन्म १९३८चा, पिक्चर १९७५चा. सदतीस वर्षं फक्त! माझा मुलगा आज सदतीसचाच आहे. ओला टॉवेल अजून पलंगावर टाकतो.

घणसोलीकर:
हॅरिसन फोर्ड २०२३ साली ऐंशीव्या वर्षी इंडियाना जोन्स म्हणून पडद्यावर. मी रिक्षातून उतरताना आधी एक पाय, मग दम, मग दुसरा.

घोडबंदरचा फायटर:
सोसायटीच्या गणपतीत पोरं मागे लागली, "काका, तुम्ही कराटे शिकला होतात ना, एक किक दाखवा." पाय खांद्यापर्यंत गेला, शपथ. खाली यायला तयार नव्हता. दोघांनी धरून खुर्चीत बसवला, आरती बसूनच केली. डॉक्टरांनी विचारलं, "पडलात का?" म्हटलं, नाही, फायटिंग. त्यांनी वय विचारलं. अठ्ठावन्न. कागदावर तेवढंच लिहिलं आणि बराच वेळ त्याकडे बघत बसले.

नेरूळची आजी:
पाय गरम पाण्यात घाला. आणि पुढच्या वर्षी प्रसादाच्या कमिटीत जा.

कोपरीची ताई:
आमच्या दादाच्या खोलीत ब्रूस लीचं पोस्टर होतं. चाळीत तेवढीच एक भिंत आमची, त्यावर आई देवाचं कॅलेंडर लावायला मागायची, दादा देत नसे. ब्रूस ली १९७३ मध्ये गेला, बत्तीसाव्या वर्षी. दादा आता सहासष्टचा. फ्लॅटमध्ये आला तेव्हा पोस्टर फ्रेम करून घेतलं, कोपरे फाटलेले तसेच. खाली छोटं शेल्फ आहे, त्यावर चष्मा आणि बीपीच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा. सकाळी गोळी घेताना त्याची मान आपसूक वर जाते. मग पाणी पितो.