कॅम्पवर भाड्याने घेतलेल्या पायडल कार्ट: तुमचे अनुभव लिहा

सुट्टीत तंबूत राहायला गेलो होतो. तिथे तासाच्या हिशोबाने पायडल कार्ट मिळत होत्या. म्हणजे पायाने चालवायची चार चाकांची बुटकी गाडी: खोलगट सीट, हातात गोल स्टीअरिंग, पाय पुढे करून मारायची पायडलं. आमची पहिली वीस मिनिटं वायाच गेली. नऊ वर्षांच्या लेकीचे पाय पुरेनात, म्हणून ती सीटच्या टोकावर सरकून बसायची आणि दर वळणावर घसरायची. शेजारच्या तंबूतल्या काकांनी सीटखालचा खटका दाखवला. दोन खाचा पुढे घेतली, पाठ टेकली, पाय लांब केल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला. त्यानंतर ती जी सुटली, ती जेवायच्या हाकेलाही थांबेना! तुमचं काय जमलं, काय फसलं, सविस्तर लिहा. घरात लहान-मोठी मुलं असतील तर नक्कीच लिहा.

*

सीटइतकंच महत्त्वाचं म्हणजे उतार. आमच्या कार्टमध्ये चाक फिरलं की पायडल फिरणारच, अशी थेट जोडणी होती. सपाटीवर उत्तम, पाय उलटे मारले की मागेही जाते. पण उतारावर पायडलं इतक्या जोरात फिरायला लागली की मुलाचे पाय निसटले आणि एक फटका नडगीवर बसला. तरी तो पाय परत पायडलवर ठेवायला बघत होता. "पाय वर घे, हँडब्रेक ओढ!" मी ओरडत मागे धावलो. ब्रेक लागला, गाडी थांबली, नडगीवर टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवशी फ्रीव्हीलची मागून घेतली. तिच्यात पायडल स्थिर ठेवून गाडी उतरू देता येते. कार्ट घेतानाच हे विचारायला हवं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

*

बुटांच्या नाड्या आत खोचा आणि ओढणी तंबूतच ठेवा. चेनवर झाकण नसेल तर ती कार्ट घेऊच नका.

*

आम्ही चौघांची, वर छत असलेली गाडी घेतली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना नुसतं बसवायचं ठरलं होतं. दोन फेऱ्या झाल्यावर म्हणाल्या, "सूनबाई, मलाही जरा मारू दे." त्यांच्या लयीत आम्ही सगळ्यांनी पाय मारले. इतक्या हळू, की घंटी वाजवून त्यांना प्रत्येक तंबूतल्या मुलांना हात करता आला. एक सांगते, ही गाडी जड असते आणि वळायला भरपूर जागा लागते. आम्ही एका अरुंद वाटेत शिरलो. आमची गाडी मागे घ्यायची सोय नव्हती, शेवटी उतरून ढकलली. चढावर तर सासूबाई सोडून सगळेच ढकलत होतो.

*

मी दोन सुट्ट्या अशाच ठिकाणी कार्ट देण्याचं काम केलंय. "गाडी बिघडली" अशा सर्वात जास्त तक्रारी ओल्या गवतावरून यायच्या. बऱ्याच कार्टमध्ये चेनचा जोर मागच्या एकाच चाकावर असतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दुसरं चाक मोकळं ठेवलेलं असतं. जोराचं चाक चिखलात गेलं की जागच्या जागी गरगरतं. उतरून कार्ट टणक वाटेवर घ्या, लगेच चालते. निघण्याआधी टायर अंगठ्याने दाबून बघा, ब्रेक ओढून गाडी ढकलून बघा. आणि मागचा उंच झेंडा काढू नका हो! पोरं तो तलवारीसारखा खेळायला काढतात. कार्ट इतकी बुटकी असते की मागे येणाऱ्या मोटारीच्या चालकाला तो झेंडाच दिसतो.

*

आमच्याकडे बारा आणि सहा वर्षांची. वेगवेगळ्या कार्ट दिल्या तर शर्यत लागली, धाकटा मागे पडून रडायला लागला. मग मागे जादा सीट असलेली एकच घेतली. ताईने पाय मारायचे, त्याने मागून वाट सांगायची. "डावीकडे! ताई, खड्डा!" तास संपला तेव्हा तिचं तोंड लालबुंद झालं होतं. परत देताना धाकट्याने सीटवरची धूळ आपल्या शर्टाने पुसली आणि कार्ट देणाऱ्या दादाला विचारलं, "उद्या हीच द्याल ना?"